मागच्या खुर्चीतला माणूस

हे भाषण ज्यांनी रेडिओवर ऐकलं, त्यांना त्यात माझा खोकला ऐकू आला नसेल. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मी तीनदा खोकलो होतो. काचेपलीकडे बसलेल्या मुलीनं संगणकाच्या पडद्यावर माझ्या आवाजाची रेघ पाहिली. खोकल्याचे तीन उंचवटे तिला लगेच दिसले. ते तिनं निवडले आणि काढून टाकले. एक मिनिटही लागलं नाही.

मला नवल वाटलं ते तिच्या बेफिकिरीचं. चुकून माझं एखादं वाक्य कापलं गेलं असतं, तरी एक बटण दाबून तिनं ते परत आणलं असतं. माझ्या तरुणपणी रेडिओवर पाव इंची फितीची रिळं असायची. साडेसात इंच फीत सरकली की एक सेकंद. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा खोकला जेमतेम चार इंचांचा. ते चार इंच शोधायला रीळ हातानं मागंपुढं फिरवायचं, कान द्यायचा, मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, तिरप्या खाचेत फीत बसवून ब्लेडनं कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. कापलेला तुकडा टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचा. न जाणो, परत लागला तर! आजचं ‘अन्‌डू’चं बटण तेव्हा असं टेबलाच्या कडेला लोंबकळत असे.

चाळीसएक वर्षं मी चित्रं कापण्या-जोडण्याचं काम केलं. आता सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत रविवारी हौशी मंडळींना व्हिडिओ-संकलन शिकवतो. येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी तोच प्रश्न विचारतो. ‘काका, शिकायला सोपं आणि तरी काम व्यवस्थित करता येईल, असं सॉफ्टवेअर कुठलं?’ मी त्यांना एखादं नाव सांगून टाकतो. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा बराच जुना आहे. शंभर वर्षं तरी तो विचारला जातो आहे, आणि दर वेळी त्याचं उत्तर वेगळं आलं आहे.

आपल्याकडचे सुरुवातीचे नवशिके म्हणजे दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब बोटीनं इंग्लंडला निघाले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत थोडे दिवस राहून काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये परतही आले. कोऱ्या फिल्मच्या कडांना तेव्हा भोकं पाडलेली नसत. ती पाडायचं यंत्र वेगळं. दादरच्या घरात रात्री अंधार करून ते काम सरस्वतीबाई करत. पहिला धडा कुठला, तर कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ. महिनाभर एकेक फ्रेम घ्यायची आणि शेवटी सगळी एका दमात दाखवायची. भांडवलवाल्याला खात्री पटली ती त्या वाटाण्यामुळे. पुढे १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मराठीतलं पुस्तक नाही, शिकवणारा नाही, चुकलं तर फिल्म वाया. तरीही ही दोन माणसं शिकली. कारण यंत्रात झाकलेलं असं काही नव्हतं. हँडल फिरवलं की फिल्म सरकते, हे डोळ्यांना दिसत होतं.

त्या काळात संकलनाला यंत्रच नव्हतं म्हटलं तरी चालेल. फिल्म उजेडासमोर धरायची, बोटांतून ओढत न्यायची आणि चित्र हलतंय असं मनात समजायचं. मग १९२४ साली अमेरिकेत इवान सेरुरिये नावाच्या मूळच्या डच इंजिनिअरनं एक यंत्र विकायला काढलं. नाव ‘मुव्हिओला’. घरात जसा ‘व्हिक्ट्रोला’ फोनोग्राफ असतो, तसा घरबसल्या सिनेमा पाहायचा एक पेटारा, असा त्याचा मूळ बेत होता. किंमत सहाशे डॉलर, त्यामुळे घरोघरी काही तो गेला नाही. पण डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओतल्या एका संकलकानं तो पाहिला आणि म्हणाला, पडद्यावर पाडायचा दिवा काढा, डोळा लावायला भिंग बसवा, आम्ही घेतो! पुढची चाळीस-पन्नास वर्षं कितीतरी चित्रपट ज्याच्यावर कापले गेले, ते व्यावसायिक यंत्र जन्माला आलं होतं घरातल्या हौशी माणसासाठी. दिसायला शिलाई मशीनसारखं. पायानं पॅडल दाबलं की चालतं, पाय उचलला की थांबतं. आवाजही शिलाई मशीनसारखाच, जरा जास्त.

पुण्यात हे सगळं कधी आलं? १९३३ साली ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्याला आली. ‘संत तुकाराम’ (१९३६) इथलाच. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. मी इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी नव्हे. एका छोट्या माहितीपटवाल्याकडे मदतनीस होतो. चहा आणणं, डब्यांवर चिठ्ठ्या लावणं इतपत अधिकार. पण एका उन्हाळ्यात चित्रपट-रसास्वादाच्या महिनाभराच्या वर्गाला जायला मिळालं. प्राध्यापक सतीश बहादूर एखादा चित्रपट शॉटमागून शॉट उलगडून दाखवायचे, ‘पथेर पांचाली’ तर अगदी धागा न्‌ धागा. तो शॉट इथंच का तुटला, असं त्यांनी विचारलं की वर्गात शांतता पसरायची. तोवर शॉट तुटतो हेच आमच्या लक्षात आलेलं नसायचं!

त्याच सुमारास मी पहिल्यांदा स्टीनबेक पाहिलं. जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या विल्हेल्म स्टीनबेक यांचं हे टेबल. मुव्हिओलात फिल्म उभी पळते, इथं रिळं जेवणाच्या ताटांसारखी आडवी ठेवलेली. एका जोडीवर चित्र, एका जोडीवर आवाज, मधे छोटा पडदा आणि हाताशी एक दांडी. दांडी उजवीकडे ढकलली की पुढे, डावीकडे की मागे, थोडी ढकलली की हळू. मला ते चालवायला शिकायला अर्धा तास लागला असेल. त्या टेबलावर मोठमोठे लोक काम करत होते आणि माझ्यासारखा चहावाला पोरगाही अर्ध्या तासात ते चालवू शकत होता, ही गोष्ट तेव्हा मला काही विशेष वाटली नाही. आज वाटते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम, सेकंदाला चोवीस. म्हणजे एक सेकंद दीड फुटाचा. काही दिवसांत तुमच्या हाताला सेकंद कळू लागतो. वितीनं मोजावा तसा. वेळ ही हातात धरायची वस्तू असते, हे नवशिक्याला त्या टेबलानं न बोलता शिकवलं.

अवघड होतं ते टेबल नव्हे, अवघड होता जोड. फिल्म सिमेंटनं जोडायची तर टोकावरचा चित्राचा थर खरवडायचा, दुसरं टोक त्यावर चढवायचं. यात एक फ्रेम जायचीच. जोड पसंत पडला नाही आणि शॉट पुन्हा लांबवायचा ठरला, तर गेलेल्या फ्रेमच्या जागी काळी फ्रेम घालून दिवस काढायचे. मूळ निगेटिव्ह सुरक्षित असे, आपण कामाच्या प्रतीवरच कापत असू. तरीही कात्री लावण्याआधी माणूस दहादा विचार करी. मोठ्यांना हा विचार करणं शोभतं. नवशिक्याचे मात्र हात त्या भीतीनं बांधले जातात. मग इटलीत लिओ कातोझो यांनी चिकटपट्टीनं जोडायचं छोटं यंत्र काढलं. कातोझो म्हणजे फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’चे संकलक. त्यांच्या यंत्रात टोकाला टोक भिडवायचं, वरून पारदर्शक पट्टी दाबायची. पट्टीला भोकंही तेच पाडतं. फ्रेम एकही जात नाही. पट्टी सोलली की जोड सुटला.

संकलनाच्या इतिहासात लोक मोठमोठ्या यंत्रांची नावं घेतात. माझ्या मते नवशिक्यावर सर्वांत मोठे उपकार या तळहाताएवढ्या यंत्राचे आहेत. कापलेलं पुन्हा जोडता येतं, एवढंच त्यानं सांगितलं. इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकून बाहेर पडलेली सत्तरच्या दशकातली मुलंमुली पाहा. रेणू सलुजा त्यांतल्याच. ‘जाने भी दो यारो’ आणि ‘परिंदा’ हे दोन चित्रपट एकाच व्यक्तीनं कापले आहेत, यावर विश्वास बसत नाही, इतकी त्यांची चाल वेगळी. पुन्हा पुन्हा करून पाहिल्याशिवाय असा हात तयार होत नाही.

मग व्हिडिओ आला आणि आपण वीस वर्षं मागं गेलो. हे वाक्य माझ्या काही मित्रांना आवडणार नाही. व्हिडिओ स्वस्त होता, धुवायची भानगड नाही, लगेच दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या केंद्रांत आपल्या पुणे विद्यापीठातलं केंद्रही होतं. ज्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता असे विषयाचे जाणकार तिथं माध्यमाशी ओळख करून घेत होते. फिल्मच्या खर्चात हे झालंच नसतं. हे सगळं कबूल. पण व्हिडिओची फीत कापता येत नव्हती. एका यंत्रावरून दुसऱ्यावर शॉटमागून शॉट उतरवून घ्यायचे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, ओळीनं. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम तयार झाल्यावर दहाव्या मिनिटात पाच सेकंद घालायचे असतील, तर पुढची तीस मिनिटं पुन्हा उतरवायची. किंवा तयार फितीचीच नक्कल करायची आणि चित्र आणखी एक पायरी धूसर होऊ द्यायचं. व्हीएचएसवर तिसऱ्या नकलेत लाल साडीचा रंग पदराबाहेर ओघळायला लागतो.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा सदाशिव पेठेतच व्हिडिओचं दुकान थाटलं होतं. दोन रेकॉर्डर, मधे कंट्रोलर, दोन टीव्ही. लग्नं, मुंजी, एकसष्ट्या. खोलीत माझ्या पाठीमागे एक खुर्ची असे. गिऱ्हाईक तिथं बसायचं आणि माझ्या खांद्यावरून बघायचं. नारायण पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या एकसष्टीची कॅसेट आली होती. आम्ही त्यांना सर म्हणत असू. कार्यक्रमात त्यांच्या पत्नी दोन मिनिटं बोलल्या. शेवटी एक वाक्य त्या विसरल्या, सरांकडे पाहिलं आणि हसल्या. सात-आठ सेकंद असेल. मी ते काढून टाकलं. भाषणात अडखळलेलं कशाला दाखवायचं? मुरलेल्या संकलकाचा हात तो, आपोआपच चालला.

वर्षभरानं काकू गेल्या. महिन्याभरानं सर आले. मागच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘अहो, ते तिचं हसणं तेवढं परत घालता येईल का?’

मी म्हणालो, ‘नाही होत सर आता.’

होत होतं. दोन दिवस लागले असते, पुढचं सगळं संगीतासकट पुन्हा उतरवावं लागलं असतं, आणि लग्नसराई तोंडावर होती. मूळ कॅसेट सरांच्याच घरी होती. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं म्हणून माझं ‘नाही’ त्यांनी खरं मानलं. ‘बरं’ म्हणून ते उठले. व्यवसायाचं यंत्र नवशिक्याला कळेनासं असलं, की व्यावसायिकाला खोटं बोलायची किती सोय होते, हे मी स्वतःवरून सांगतो आहे.

मी सरांना ‘नाही’ म्हणत होतो, त्याच्या सहाएक वर्षं आधीच हा प्रश्न अमेरिकेत सुटला होता. बिल वॉर्नर नावाचा माणूस अपोलो नावाच्या संगणक कंपनीत जाहिरातीचे व्हिडिओ करून घेत असे. फितीवरून फितीवर उतरवण्याच्या त्याच कटकटीला तो वैतागला. संगणकावर हे करणारं काही मिळतं का, म्हणून शोधलं, मनासारखं मिळेना. मग १९८९ साली त्यानं ‘ॲव्हिड’ बाजारात आणलं. तोही मूळचा संकलक नव्हता! मुव्हिओलाचा कर्ता इंजिनिअर, ॲव्हिडचा कर्ता वैतागलेलं गिऱ्हाईक. मुरलेल्या माणसाला आपल्या यंत्राची खोड दिसेनाशी होते. तो तिच्यासकट संसार करतो.

ॲव्हिडमधली मुख्य युक्ती साधी आहे. संगणक मूळ चित्रीकरणाला हातच लावत नाही. इथून इथपर्यंत दाखव, मग ते दाखव, अशी नुसती यादी ठेवतो. यादीतली ओळ बदलली की चित्रपट बदलला. कातोझोची चिकटपट्टी पुरी अदृश्य झाली. वॉल्टर मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’ ॲव्हिडवर कापला आणि १९९७ साली त्याला संकलनाचं ऑस्कर मिळालं. संगणकावर कापलेल्या चित्रपटाला मिळालेलं ते पहिलंच. पण याच मर्च यांनी एक तक्रारही नोंदवून ठेवली आहे. टेबलावर हवा तो शॉट शोधताना सगळं रीळ डोळ्यांखालून जायचं आणि वाटेत विसरलेलं काहीतरी सापडायचं. संगणक मागितलं तेवढंच देतो, आणि मागायचं काय हे माणसाला नेहमी ठाऊक असतंच असं नाही. ही तक्रार लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ॲव्हिड घ्यायच्या पैशात तेव्हा पुण्यात फ्लॅट आला असता. पण किमतीहून मोठा अडसर त्याच्या भाषेचा होता. बनवणाऱ्यांनी जुन्या संकलन-खोलीतले शब्द जसेच्या तसे उचलले. मुरलेल्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून ते योग्यच होतं. क्लिप, ट्रिम, बिन. आता ‘बिन’ म्हणजे काय? संकलन-खोलीत कापडाचं अस्तर लावलेलं एक पिंप असे. वरच्या दांडीला खिळे, त्या खिळ्यांना फिल्मचे तुकडे लटकवायचे, टोकं खाली पिंपात सोडायची. वाळत घातलेल्या शेवयांसारखं दिसायचं. ज्यानं ते पाहिलंय त्याला बिन म्हणजे जपून ठेवायची जागा. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलेलं नाही. त्यांना बिन म्हणजे कचऱ्याचा डबा. ‘शॉट बिनमध्ये टाका’ म्हटलं की त्यांचा हात माउसवर अडतो. वस्तू गेल्या आणि नावं राहिली, की मुरलेल्याची सोय हीच नवशिक्याची भिंत होते.

ही भिंत पाडायचा सर्वांत धीट प्रयत्न झाला तो २०११ साली, आणि त्यावरून जे रण माजलं त्याचा आवाज पुण्यातल्या एडिटिंगच्या खोल्यांतही पोचला होता. रँडी उबिलोस हा प्रोग्रॅमर. ‘प्रीमिअर’ त्यानं घडवलं, मग ॲपलचं ‘फायनल कट प्रो’ही (१९९९). मर्च यांनी पुढे ‘कोल्ड माउंटन’ याच फायनल कटवर कापला. एवढ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचा बाप एकदा समुद्रात बुड्या मारायला सुट्टीवर गेला. परत आल्यावर त्याला सुट्टीची छोटी फिल्म झटपट करायची होती, आणि हौशी लोकांसाठीच्या ‘आयमूव्ही’तही ती मनासारखी झटपट होईना. म्हणून त्यानं नवंच काहीतरी लिहिलं. २००७ साली तेच नवं आयमूव्ही म्हणून आलं. आणि २०११ च्या जूनमध्ये त्याच विचारावर उभं केलेलं नवं फायनल कट आलं.

त्यात बरंच शहाणपण होतं. शॉटवरून माउस नुसता फिरवला की चित्र सरकतं, जणू बोटांतून ओढलेली फिल्म. मधला शॉट काढला की पुढचे आपोआप सरकून खेटतात, भोक पडत नाही. नवशिक्याची निम्मी रड त्या भोकांचीच असते! काम आपोआप साठवलं जातं. पण मुरलेल्यांच्या रोजच्या गरजा त्यात राहून गेल्या होत्या. जुनी कामं उघडत नव्हती, अनेक कॅमेऱ्यांचं चित्रीकरण एकत्र कापायची सोय नव्हती, आवाजवाल्याकडे काम पाठवायचा रस्ता नव्हता. लोक खवळले. ‘खेळणं आहे’ म्हणाले. अनेकजण दुसरीकडे गेले ते परत आलेच नाहीत. पुढे त्यातल्या बऱ्याच गोष्टी एकेक करून दिल्या गेल्या. अनेक कॅमेऱ्यांची सोय २०१२ च्या जानेवारीतच आली.

मीही तेव्हा खवळलेल्यांत होतो. आता वाटतं, माझ्या रागाचे दोन भाग होते. राहून गेलेल्या सोयींबद्दलचा राग रास्त होता. दुसरा भाग असा, की पंधरा वर्षं घालवून मी जे शिकलो ते एखादी पोरगी रविवारी दुपारी शिकणार, हे मला रुचलं नव्हतं. त्या भागाला फार नाव ठेवायला नको. पण तो होता.

तेव्हापासून एक गोष्ट मी वर्गात सांगतो. बटणं कमी केली म्हणजे यंत्र सोपं होत नाही. स्टीनबेकवर बटणं कमी होती म्हणून मला ते आलं नाही; केलेल्या गोष्टीचा परिणाम लगेच दिसत होता म्हणून आलं. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोठमोठ्या चित्रपटांचे रंग त्यावर ठरतात, आणि त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. २०१९ साली त्यांनी झटपट कापण्यासाठी एक नवं पान काढलं. त्यात दोन पट्ट्या दिसतात. वर अख्खा चित्रपट, खाली त्यातला हाताशी असलेला भाग. आणि सगळं चित्रीकरण एका लांब फितीसारखं सलग सरकवत पाहता येतं. फीत गेली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तिशीएक वर्षांनी शहाण्या माणसांनी तिचं सोंग मुद्दाम परत आणलं.

फोनवर वेगळाच प्रकार आहे. फोटो-व्हिडिओ निवडा, बाकी आम्ही बघतो. गाणं तेच लावणार, तालावर तेच कापणार. सोपं आहे खरं. पण चांगलं लाटणं हातात देणं वेगळं आणि पोळ्यांची पिशवी हातात देणं वेगळं. घाईच्या वेळी पिशवीही लागते, माझी तक्रार नाही. फक्त त्याला शिकणं म्हणू नये.

आणि एक आपल्या भाषेचं दुखणं. सी-डॅक १९८८ साली याच शहरात सुरू झालं. संगणकावर भारतीय लिपी आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानावर त्यांनी इथं काम केलं. तरीही कित्येक वर्षं नावाजलेल्या संकलन-सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाव टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जायची आणि जोडाक्षरं सुटून पडायची. मुरलेला माणूस दुसरीकडे नाव बनवून चित्र म्हणून आणून चिकटवायचा. नवशिक्याला वाटायचं, आपलंच काही चुकलं. हौशी माणसाची पहिली फिल्म बहुधा घरच्या कुणाची असते आणि तिच्यावर पहिलं नाव आजीचं नाहीतर आजोबांचं घालायचं असतं. तेच नीट उमटेना, तर तो पुढे कशाला जाईल?

२०१९ च्या पावसाळ्यानंतर माझ्या रविवारच्या वर्गात एक मुलगी आली. बँकेत नोकरीला. पहिल्याच दिवशी तिनं पिशवीतून व्हीएचएस कॅसेट काढली आणि मी चिठ्ठीवरचं अक्षर ओळखलं. सरांची नात. तिला जुनं काही माहीत नव्हतं. आजोबांकडे ही कॅसेट आहे आणि ती त्यांना फोनवर पाहता यावी, एवढंच तिचं म्हणणं. फितीला बुरशी धरली होती, पुण्याच्या हवेत धरतेच. दोन दिवस साफ करत, हेड पुसत ती संगणकावर उतरवली. मग मी तिला माउस दिला आणि म्हटलं, शॉट बिनमध्ये घे. ‘काका, बिनमध्ये कशाला? जातील ना!’ मग पिंपाची, खिळ्यांची आणि शेवयांची सगळी गोष्ट सांगितली.

तिनं कापायला घेतलं. ‘इथं काकू विसरल्यात’ असं काहीतरी मी बोललो असेन. तिनं लक्षच दिलं नाही. तिला काय हवं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळं चित्रीकरण सरकवत पाहत बसली. काकू अडखळल्या, हसल्या. आणि त्यानंतर, जे मी पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलंच नव्हतं, कॅमेरावाल्यानं हलत्या हातानं कॅमेरा सरांकडे वळवला होता. सर ओठ हलवून काकूंना विसरलेलं वाक्य सांगत होते. मी हसण्यापाशीच कात्री लावली होती. पुढचं हललेलं चित्र म्हणून न बघताच पुढे पळवलं होतं. तिनं ते सगळं ठेवलं, हलत्या कॅमेऱ्यासकट. माझ्या शिस्तीत ते बसत नाही. मी काही बोललो नाही.

फिल्म दाखवायला तिच्याबरोबर मीही गेलो. सर शहाऐंशी वर्षांचे. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दाखवली आणि फोन डोळ्यांजवळ धरला. ते हसणं आलं, कॅमेरा वळला, संपलं. ‘परत मागे घे,’ ते नातीला म्हणाले. तिनं मागे नेलं. पुन्हा म्हणाले. मग तिनं त्यांचं बोट धरून पडद्यावर ठेवलं, ‘आजोबा, असं डावीकडे ओढा,’ म्हणाली. त्यांनी ओढलं. आधी फार मागं गेलं, मग पुढे गेलं, मग सापडलं. पाच-सहा वेळा त्यांनी ते स्वतःच मागे नेलं. मी त्यांच्या पाठीमागच्या खुर्चीत बसून त्यांच्या खांद्यावरून बघत होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)